बोर्ड खराब नव्हता!

गेल्या सेमिस्टरला मी आणि माझ्या पार्टनरने एका निरपराध बोर्डला दोषी ठरवलं. नुसतं ठरवून थांबलो नाही. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून दादरला उतरलो, तिथून वेस्टर्नची गाडी धरून ग्रँट रोडला गेलो आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराशी चांगलं अर्धा तास भांडलो. त्याने शांतपणे बोर्ड घेतला, वायर लावली, स्क्रीनवर लॉगिन आलेलं दाखवलं आणि म्हणाला, "बोर्ड एकदम ठीक है. अपना प्रोग्रॅम देखो." आम्हाला अर्थातच पटलं नाही. आम्ही फायनल इयरचे इंजिनियर, आणि हा आम्हाला प्रोग्रॅम बघायला सांगतो! दोघांच्या मेसच्या पैशांतून तसाच दुसरा बोर्ड घेतला आणि रात्रीच्या गर्दीत लटकत परत आलो.

दुसऱ्या बोर्डवरही प्रोग्रॅम तसाच मेला.

मित्रांनो, हा लेख रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. (थोडंसं आहे, दुसऱ्या बोर्डचे पैसे अजून वसूल व्हायचेत.) पण या सगळ्या प्रकारात जी गोष्ट आम्हाला चार वर्षांत कुणी शिकवली नाही आणि आम्हीही कधी विचारली नाही, तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती गोष्ट म्हणजे डीबगर वापरणं नव्हे, तर डीबगर बसवणं. ज्या प्रोसेसरवर आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोग्रॅम मरतोय, तिथे त्याला चालता करणं.

आधी प्रकरण काय होतं ते सांगतो. एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटसाठी तापमानाची नोंद ठेवणारा प्रोजेक्ट. एक लहानसा ३२ बिटचा एआरएम बोर्ड, त्यावर काटछाट केलेलं लिनक्स, आणि आमचा सी मधला प्रोग्रॅम. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी एक सेटिंगची फाइल वाचणार. फाइल केवढी? ४१ अक्षरांची! ती वाचायला आपण सगळे जसं लिहितो तसंच लिहिलं होतं: एक कॅरेक्टर व्हेरिएबल घ्यायचा, फाइलमधून एकेक अक्षर त्यात घ्यायचं, ईओएफ येईपर्यंत ॲरेमध्ये टाकत राहायचं. सेकंड इयरच्या जर्नलमध्ये हा प्रोग्रॅम सगळ्यांनी लिहिलेला आहे, आणि बहुतेकांनी माझ्याच जर्नलमधून लिहिलेला आहे.

माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर आणि उबुंटू, प्रोग्रॅम मख्खन चालला. बोर्डवर टाकला तर "सेगमेंटेशन फॉल्ट". बस्स, एवढे दोन शब्द. मग पार्टनर म्हणाला, थांब, माझा लॅपटॉप ॲपलचा आहे, त्यात एआरएमच प्रोसेसर आहे, त्याच्यावर बघू. बघितलं. मख्खन! आता तुम्हीच सांगा, एआरएमवर चालतो, इंटेलवर चालतो आणि फक्त त्या बोर्डवर मरतो, तर खराब कोण? बोर्डच ना? आमचं लॉजिक एकदम पक्कं होतं. लॅमिंग्टन रोडपर्यंत घेऊन जाण्याइतकं पक्कं.

शिवाय आमच्याकडे पुरावा होता. आपण सगळे करतो तेच केलं, जागोजागी प्रिंटएफ घातले. "इथे आलो", "इथेपण आलो", "आता फाइल उघडली"... पार्टनर सोलापूरचा, त्याने एका ठिकाणी "आलो की बे" असंही घातलं होतं. प्रोग्रॅम बोर्ड चालू झाल्यावर आपोआप सुरू व्हायचा आणि सगळं आउटपुट एका लॉग फाइलमध्ये जायचं. लॉग उघडली तर रिकामी! पहिला "इथे आलो"सुद्धा नाही. म्हणजे प्रोग्रॅम मेनपर्यंतही पोचत नाहीये, म्हणजे बोर्डची मेमरीच गंडलेली, असा आमचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष किती चुकीचा होता ते नंतर कळलं. स्क्रीनवर प्रिंटएफ केलं की ओळ संपताच दिसते. पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की सीची लायब्ररी ते लगेच लिहीत नाही, एका बफरमध्ये साठवून ठेवते आणि बफर भरला की किंवा प्रोग्रॅम नीट संपला की एकदम लिहिते. प्रोग्रॅम मध्येच मेला तर बफरमधलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. आमचे सगळे "इथे आलो" छापले गेले होते, फक्त फाइलपर्यंत पोचायच्या आत त्यांचं निधन झालं होतं. ज्या साक्षीदारावर आम्ही सगळा खटला उभा केला, तो साक्ष द्यायच्या आधीच वारला होता.

तेव्हा नाइलाजाने डीबगरकडे वळलो. नाइलाजाने म्हणतोय, कारण खरं सांगायचं तर तोपर्यंत जीडीबी हे आमच्यासाठी व्हायवाचं उत्तर होतं. "जीडीबी म्हणजे गिनू डीबगर, १९८६ साली रिचर्ड स्टॉलमनने लिहिला." एक्स्टर्नल खूश, आपण खूश. उघडून कोण बघतो?

पहिली अडचण जागेची. बोर्डवरच्या लिनक्समध्ये अख्खा जीडीबी मावेना. मग वाचनात आलं की त्याची एक सोय आहे. बोर्डवर फक्त जीडीबीसर्व्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. तो आपल्या प्रोग्रॅमला थांबवणार, चालवणार, त्याचे रजिस्टर वाचणार. आणि विचार करणारं डोकं, म्हणजे जीडीबी, लॅपटॉपवर राहणार. दोघं नेटवर्कवरून बोलणार. सोप्पं! मी माझ्या लॅपटॉपवरचा जीडीबीसर्व्हर उचलला आणि बोर्डवर कॉपी केला. बोर्ड म्हणाला, "एक्झेक फॉरमॅट एरर". म्हणजे काय, तर इंटेलसाठी बनलेला प्रोग्रॅम एआरएमला वाचता येत नाही. हे थर्ड इयरच्या मुलालाही कळायला हवं. मला रात्री दीड वाजता कळलं.

मग जीडीबीचा सोर्स आणून स्वतः बांधायला बसलो. इथे तीन शब्द भेटतात आणि तिघं मिळून डोकं खातात: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. बिल्ड म्हणजे ज्या मशीनवर बसून आपण हा डीबगर कंपाइल करतोय ते. होस्ट म्हणजे बनून झाल्यावर तो ज्या मशीनवर चालणार ते. आणि टार्गेट म्हणजे तो ज्या मशीनचे प्रोग्रॅम तपासणार ते. लॅपटॉपवरच्या जीडीबीसाठी होस्ट इंटेल आणि टार्गेट एआरएम. बोर्डवरच्या जीडीबीसर्व्हरसाठी होस्टच एआरएम. आणि नुसतं "एआरएम" सांगून भागत नाही, एआरएम-लिनक्स असं ऑपरेटिंग सिस्टीमसकट सांगावं लागतं. का ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. म्हटलं, कागदावर लिहिलंय तर टाइप करू.

ऑपरेटिंग सिस्टीम का लागते, ते थोडक्यात. डीबगर हा काही जादूगार नाही. दुसऱ्याच्या चालत्या प्रोग्रॅममध्ये हात घालायचा तर परवानगी ऑपरेटिंग सिस्टीमकडून घ्यावी लागते. लिनक्समध्ये त्यासाठी पीट्रेस नावाचा सिस्टीम कॉल आहे, दुसऱ्या सिस्टीममध्ये दुसरं काही. आणि ब्रेकपॉइंट लावायचा म्हणजे त्या जागची मूळ इन्स्ट्रक्शन काढून तिथे "थांब" सांगणारी इन्स्ट्रक्शन ठेवायची. ती प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. इंटेलवर आयएनटी ३, एकच बाइट, सीसी. एआरएमवर वेगळी, आरआयएससी-व्हीवर ईब्रेक. म्हणजे डीबगरला दोघांची भाषा यावी लागते, प्रोसेसरची आणि ऑपरेटिंग सिस्टीमची. एकाचीच येऊन चालत नाही.

असो. जीडीबीसर्व्हर बोर्डवर चालला. लॅपटॉपवरून जोडायला गेलो तर जोडेचना. आपल्या हॉस्टेलच्या वायफायची मेहेरबानी! एकाच वायफायवरची दोन मशीन्स एकमेकांना दिसू नयेत अशी त्यात सोय आहे. (सुरक्षेसाठी ठीक आहे, तक्रार नाही.) शेवटी नेटवर्कची वायर थेट लॅपटॉपमधून बोर्डमध्ये घातली, दोन्हीकडे हाताने आयपी दिले आणि जोडलं. स्क्रीनवर आलं: "रिमोट 'जी' पॅकेट रिप्लाय इज टू लाँग".

या ओळीवर मी बराच वेळ घालवला, म्हणून तुमचा वाचवतो. "जी पॅकेट" म्हणजे सगळ्या रजिस्टरच्या किमती एका दमात पाठवणारा निरोप. लॅपटॉपवरचा साधा जीडीबी इंटेलच्या रजिस्टरांची यादी धरून बसलेला होता. बोर्डने एआरएमची यादी पाठवली. दोघांचा मेळ बसेना. म्हणजे ही एरर आली की समजायचं, डीबगरला प्रोसेसर चुकीचा सांगितलाय. उबुंटूवर यासाठी जीडीबी-मल्टिआर्क नावाचं वेगळं पॅकेज मिळतं, ते अनेक प्रोसेसर ओळखतं. ते टाकलं आणि जोडणी झाली.

आणि दिसलं काय? प्रश्नचिन्हं. फंक्शनच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! कारण जागा वाचवायला आम्ही प्रोग्रॅममधून सगळी नावं आणि ओळींचे नंबर काढून टाकले होते. इथे एक फार कामाची गोष्ट कळली. बोर्डवर काटछाट केलेला प्रोग्रॅम राहू द्यायचा, आणि त्याच बिल्डमधली, डीबगची माहिती असलेली मूळ फाइल लॅपटॉपवर जीडीबीला द्यायची. दोघांची बेरीज तो करतो. तसंच लायब्ररीचं. जीडीबी लॅपटॉपच्याच लायब्ररी बघत बसू नये म्हणून बोर्डवरच्या लायब्ररी एका फोल्डरमध्ये कॉपी करून "सिसरूट" म्हणून तो फोल्डर दाखवावा लागतो.

तोवर पहाट झाली होती. खाली मेसवाले काका कांदे कापायला बसले होते. प्रोग्रॅम चालू केला, तो मेला, आणि या वेळी मेला तो आमच्या डोळ्यांदेखत, नेमक्या ओळीवर. फाइल वाचणारी ओळ. ॲरेचा इंडेक्स विचारला तर साडेतीन हजारांच्या पुढे. ४१ अक्षरांची फाइल, ६४ जागांचा ॲरे, आणि इंडेक्स साडेतीन हजार! मग कॅरेक्टर व्हेरिएबलची किंमत विचारली. उत्तर आलं, २५५.

दोघं एकमेकांकडे बघत बसलो. ईओएफ तर उणे एक असतो, इथे २५५ कुठून आले?

तर गोष्ट अशी आहे. सीमध्ये साधा कॅरेक्टर हा साइन्ड की अनसाइन्ड, हे भाषा ठरवत नाही, ते त्या-त्या प्लॅटफॉर्मवर सोडलेलं आहे. इंटेलवर तो साइन्ड, त्यामुळे उणे एक आत टाकला की उणे एकच राहतो आणि लूप थांबतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये तो अनसाइन्ड. तिथे उणे एकचा २५५ होतो, २५५ कधीच उणे एक होत नाही, आणि लूप ॲरेच्या बाहेर मेमरी तुडवत सुटतो, जोवर लिनक्स त्याला लाथ घालत नाही तोवर. आणि ॲपलच्या लॅपटॉपवर? प्रोसेसर एआरएमच, पण ॲपलने आपल्या सिस्टीमसाठी कॅरेक्टर साइन्ड ठरवलाय. म्हणून पार्टनरकडे चाललं! प्रोसेसर तोच, ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, उत्तर वेगळं. तेव्हा कुठे कळलं, ते एआरएम-लिनक्स असं जोडनाव का लिहायला लावतात.

दुरुस्ती एका शब्दाची. कॅरेक्टरच्या जागी इंटिजर. फंक्शन मुळात इंटिजरच परत करतं, पुस्तकातही तसंच लिहिलंय. सगळी वॉर्निंग्ज सुरू ठेवून कंपाइल केलं असतं तर कंपायलरनेही शंका काढली असती, हेही नंतर लक्षात आलं. पण लॅपटॉपवर बसून जन्मभर डीबगर चालवला असता तरी ही चूक सापडली नसती, कारण लॅपटॉपवर ती चूक घडतच नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सर आणि मॅडम, आधीच माफी मागतो.

आपण मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८६चे प्रोग्रॅम करतो. लॅबमधल्या मशीनवर ६४ बिटचं विंडोज आहे. त्यावर सोळा बिटचा जुना डीबग चालत नाही, टर्बो असेंब्लरही चालत नाही. म्हणून डॉसबॉक्स टाकलेला असतो आणि फळ्यावर लिहिलेलं असतं, "माउंट सी". आपण सगळे भक्तिभावाने माउंट सी टाइप करतो, जर्नलमध्येही लिहितो. का, ते माझ्या बॅचमध्ये कुणाला विचारून बघा. मी विचारलं. "सरांनी सांगितलं म्हणून" हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं.

खरं कारण किती छान आहे! ६४ बिट मोडमध्ये गेलेल्या प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६सारखं वागायची सोयच बंद होते. म्हणून डॉसबॉक्स एक अख्खा खोटा प्रोसेसर आणि खोटं डॉस सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो आणि आपला डीबग त्याच्या आत चालतो. म्हणजे एका विशिष्ट प्रोसेसरसाठी आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीमसाठी डीबगर मांडून बसण्याचा प्रयोग आपण दर आठवड्याला करतो, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाही. तो फळ्यावरच्या एका ओळीत उरकतो आणि मग दोन संख्यांची बेरीज करायला लागतो.

आमचे एक सर सांगतात, त्यांच्या वेळी ८०८५चा किट असायचा, बारकी हेक्स बटणं, लाल आकडे. प्रोग्रॅम चुकला की "सिंगल स्टेप" आणि "एक्झामिन रजिस्टर" अशी बटणंच किटवर होती, दाबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डीबगर किटच्या रॉममध्येच बसलेला. आता सोयी वाढल्या आणि डीबगर मात्र मेन्यूत कुठेतरी दडून बसला. मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत, हेक्स कोड हाताने टाकायची माझी अजिबात इच्छा नाही. पण एक गोष्ट खरी, प्रोसेसरच्या पोटात बघायची सवय त्या पिढीला सक्तीने लागली.

हे सगळं मी लॅबमध्ये बोललो तेव्हा लॅब बघणाऱ्या सरांनी मला चांगलंच सुनावलं. म्हणाले, "दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच. प्रत्येकाच्या मशीनवर सेटअप करत बसलो तर एक्सपरिमेंट कोण पूर्ण करणार? आणि तुम्ही पोरं मशीन बिघडवून जाता, संध्याकाळी फॉरमॅट मामांना मारावं लागतं." यातला शब्दन् शब्द खरा आहे. मामांना विचारा. माझ्या स्वतःच्या हातून लॅबचं एक मशीन झोपलेलं आहे, त्यामुळे मी जास्त बोलूही शकत नाही.

तरीही मला वाटतं, टर्मचं पहिलं प्रॅक्टिकल पूर्णपणे सेटअपला द्यावं. वीस जणांना जमत नसेल तर कोपऱ्यातली दोन मशीन्स "बिघडवायला परवानगी" असलेली ठेवावीत आणि चार-चारच्या गटाने ती आळीपाळीने वापरावीत. बोर्ड नसला तरी अडत नाही, क्यूएमू नावाचा फुकट प्रोग्रॅम लॅपटॉपमध्येच एआरएमचं मशीन उभं करतो आणि जीडीबी त्याला थेट जोडता येतो. आणि टर्मवर्कचे दोन मार्क याला ठेवावेत. दोन मार्कांसाठी आपण काय काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. व्हायवाला "जीडीबी कुणी लिहिला" याऐवजी "तुझ्या बोर्डचा होस्ट कोण आणि टार्गेट कोण" विचारलं तर गाइडमधून पाठ करून येता येणार नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, आपल्यातले निम्मे तर वेब आणि जावाकडे जाणार. जाऊ देत. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? वागळे इस्टेट, महापे, डोंबिवली एमआयडीसी, सगळीकडे यंत्रांना लावलेले असले छोटे बोर्ड आहेत आणि ते लॅपटॉपवर चालून उपयोगाचे नाहीत. सी-डॅकने आपल्याकडे आरआयएससी-व्हीवरचे वेगा प्रोसेसर केले आहेत, उद्या तसा बोर्ड लॅबमध्ये आला तर? आरआयएससी-व्हीवरच्या लिनक्समध्येही कॅरेक्टर अनसाइन्ड आहे. तोच प्रोग्रॅम त्याच ओळीवर पुन्हा मरणार आणि पुन्हा कुणीतरी लॅमिंग्टन रोडला जाणार.

मोठ्या माणसांचंही उदाहरण देतो, म्हणजे नुसता आमच्या खोलीतला किस्सा वाटायला नको. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरून ठेवलेलं, जास्त महत्त्वाचं काम त्याची वाट बघत अडकलेलं, आणि मधलंच तिसरं काम दोघांच्या मध्ये घुसलेलं. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? पण पृथ्वीवर लॅबमध्ये त्या यानाची जुळी प्रतिकृती होती, तोच आरएडी६००० प्रोसेसर, तीच व्हीएक्सवर्क्स ऑपरेटिंग सिस्टीम, आणि आत काय चाललंय त्याची नोंद घेणारी सोय चालू ठेवलेली. त्यावर तो घोळ त्यांनी पुन्हा घडवून आणला, पकडला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. आपल्या लॅपटॉपवर चालतंय म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि मुख्य म्हणजे बोर्ड खराब आहे असंही म्हणाले नाहीत.

आमचं म्हणाल तर प्रोजेक्ट झाला, त्या युनिटमध्ये बसलाही. पुढच्या फेरीत लॅमिंग्टन रोडला त्याच दुकानात गेलो होतो. दुकानदाराने ओळखलं आणि विचारलं, "क्या निकला?" पार्टनर म्हणाला, "प्रोग्रॅम." त्याने फक्त मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरा बोर्ड आमच्या खोलीत कपाटावर पडून आहे. ज्युनियर्सपैकी कुणाला हा सगळा उपद्व्याप करून बघायचा असेल तर रात्री जेवणानंतर येऊन घेऊन जावा. बांधून तयार असलेला जीडीबीसर्व्हर मात्र त्यावरून मुद्दाम पुसून टाकलाय. तो स्वतः बांधायचा. नेटवर्कची वायर आपली आपण आणावी, आमची होती ती कुणीतरी ढापली आहे.